भर जूनमधला हीटर

तुळशीचं पान किती अंशांवर वाळवलं म्हणजे त्यातलं तेल उडून जातं, हे मधुसूदन खांबेट्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बरोबर सांगेल. लखनौच्या एका संशोधन संस्थेत औषधी पानं वाळवण्याच्या भट्ट्यांसमोर त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. मिरजेहून आलेला हा सडसडीत, चष्मेवाला माणूस उष्णता म्हणजे आपल्या घरचं खातं समजत असे. हा समज एका अकरा वर्षांच्या पांढऱ्या मोटारीनं काढून घेतला. हल्ली ती गोष्ट तो स्वतःच चारचौघांत रंगवून सांगतो आणि ऐकणाऱ्यांच्या आधी हसतो. पहिल्यांदा बायकोला, हेमाला, सांगताना मात्र त्याला हसू आलं नव्हतं.

गोष्ट गेल्या जूनमधली. मंगळवार होता आणि सकाळी अकराच्या विमानानं भास्कर नेरूरकर येणार होता.

भास्कर बँकेतला. नऊ वर्षं लखनौत होता आणि त्या नऊ वर्षांतल्या बहुतेक रविवारच्या सकाळी तो मधुसूदनच्या घरी, पाय वर घेऊन खुर्चीत बसलेला असे. मधुसूदनला मित्र असे दुसरे नव्हतेच. ज्यांना होण्याची इच्छा होती ते त्याची पहिली दोन व्याख्यानं ऐकून गळाले होते. भास्करनं नऊ वर्षं ऐकलं. ही पांढरी गाडी मुळात त्याची. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन भुवनेश्वरला जाताना ती त्यानं मधुसूदनला दिली आणि त्यानंतर काही महिन्यांतच मधुसूदन त्याच्याशी बोलेनासा झाला. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. हे रुसणं होतं, तेही एकतर्फी. आपल्यावर कुणी रुसलंय याचा भास्करला पत्ताच नव्हता. त्याचा फोन आला की मधुसूदन "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून द्यायचा. हळूहळू फोन यायचे थांबले.

कारण वरवर पाहता सबळ होतं. लखनौत मराठी घरं मोजकी. कुणाची बदली झाली की त्याचं जड सामान मागे राहिलेल्यांत जिरतं. श्रीपाद आगाशे बंगलोरला गेले तेव्हा त्यांचा कूलर खांबेट्यांकडे आला. हेमाकडचं पुरणयंत्र आतापर्यंत चार घरं फिरलंय. एका पाळण्यात तर सात पोरं वाढली आणि त्यातलं एक आता इंजिनिअर आहे. या देवघेवीचा न लिहिलेला एक रिवाज आहे. घेणाऱ्यानं वस्तू तपासायला बाहेरचा माणूस आणायचा नाही, तो देणाऱ्याचा अपमान समजला जातो. त्या बदल्यात देणाऱ्यानं चहा पाजता पाजता वस्तूतली खोट आपणहून सांगायची. कूलरची मोटर बसली की डाव्या अंगाला एक थाप मारा, असं आगाशे सांगून गेले होते आणि खांबेटे आजतागायत थाप मारत होते. मधुसूदनचा आरोप असा की भास्करनं गाडी दिली, पण खोट सांगितली नाही.

गाडी ताब्यात घेतली तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. भास्करच्या बायकोनं, माणिकनं, श्रीखंड केलं होतं. चहाच्या वेळी भास्कर रेडिएटरबद्दल काहीतरी म्हणाला आणि मधुसूदननं विषय हातात घेतला. पाण्याइतकी उष्णता धरून ठेवणारा दुसरा द्रव नाही, ते हिरवं कूलंट म्हणजे पाण्याची भेसळ आणि कंपन्यांची कमाई, आपण तर शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालणार, वगैरे. पाऊण तास झाला असेल. सगळे शांतपणे ऐकत होते. त्या दिवशी भास्कर नेमकं काय बोलला हे काही त्याला आठवत नव्हतं. आपण काय बोललो ते शब्दन् शब्द आठवत होतं.

पहिला उन्हाळा आला आणि गाडी तापू लागली. बाराबंकीहून परतताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. हेमा म्हणाली, थांबा. मधुसूदन म्हणाला, "मीटर चुकत असेल, बघू या." आणि चार किलोमीटर बघत बघत घरी आला. त्या दिवसापासून गाडीतलं पाणी आटू लागलं. खाली थेंब सांडलेला दिसेना, पण टाकी रिकामी. सकाळी सुरू करताना मागून पांढरी वाफ निघायची, कॉलनीतली मुलं खोकल्याचं नाटक करायची.

दुसरा कुणी असता तर मेकॅनिककडे गेला असता. मधुसूदननं प्रयोग मांडला. गाडीच्या खणात भास्करची एक दोनशे पानी वही पडलेली होती. बँकवाल्याचे पेट्रोलचे हिशेब असतील असं समजून त्यानं ती उलटी केली, मागच्या पुठ्ठ्यावर 'तापमान-नोंदी' अशी चिठ्ठी चिकटवली आणि शेवटच्या पानापासून रकाने आखले. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, काटा, शेरा. प्रयोगशाळेतून बाद झालेला एक तापमापक रेडिएटरच्या नळीला दोऱ्यानं बांधला. शास्त्राचा नियम असा की एका वेळी एकच घटक बदलायचा. तेव्हा व्हिडिओ बघून आधी थर्मोस्टॅट बदलला आणि दोन महिने निरीक्षण केलं. मग रेडिएटरचं झाकण, दोन महिने. मग पंखा. मग पाण्याचा पंप, त्यात उजव्या हाताची दोन बोटं सोलली. तुलनेसाठी दुसरी गाडी हवी म्हणून शेजारच्या अनीश नावाच्या तरुण सहकाऱ्याला आपली मोटार मागोमाग चालवायला लावली. दोन रविवार तो बिचारा आला. तिसऱ्या रविवारी त्याच्या सासूबाई आजारी पडल्या आणि त्या अजून बऱ्या झालेल्या नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात मात्र चौदा महिने एकच शेरा होता: पुन्हा तापली.

अखेर हेमानं हात जोडले तेव्हा तो सरोजिनीनगरला इश्तियाक मियाँकडे गेला. हे म्हातारे मेकॅनिक भास्करचे जुने. त्यांनी ऑईलचं झाकण उघडलं, त्याच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पांढरट थर होता तो बोटानं पुसून दाखवला आणि म्हणाले, "हेड गैस्केट गया है, डॉक्टर साहब. पानी तेल में मिल रहा है." इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये पत्र्याचा एक पातळ थर असतो. आग, तेल आणि पाणी यांना तो एकमेकांत जाऊ देत नाही. तो जळला होता.

"दो मिनट में कैसे बता सकते हैं?" मधुसूदननं विचारलं.

"चालीस साल और दो मिनट," इश्तियाक मियाँ अदबीनं म्हणाले. "खुलवा लीजिए. वैसे आप जैसा मुनासिब समझें."

मधुसूदनला हे निदान फार अशास्त्रीय वाटलं. पण घरी येता येता त्याच्या लक्षात आलं की गॅस्केट गेलेलंच होतं असं धरलं तर भास्कर दोषी ठरतो. तेव्हापासून ते शास्त्रीय वाटू लागलं. आता गाडी दुरुस्त करायची तर पुरावा नष्ट होणार. म्हणून त्यानं ती दुरुस्त केलीच नाही. भास्कर कधीतरी समोर येईल, तेव्हा तापलेली गाडी आणि वही दोन्ही त्याच्यापुढे ठेवायची, असं ठरवून तो दहा महिने ती तशीच हाकत राहिला. रोज सकाळी पाणी भरायचं आणि काटा चढला की हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनातली उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला थोडा आराम पडतो. लखनौच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि लूचे भाजणारे वारे चाललेले असताना, हा माणूस काचा खाली करून पायांवर गरम हवा सोडून संस्थेत जायचा. हेमा मांडीवर ओला नॅपकिन घेऊन बसायची. त्यांची मुलगी अंतरा तर गाडीत बसायचीच नाही. "बाबा, यार, ये कार नहीं है, तंदूर है," असं म्हणून ती स्कूटीवर निघून जायची.

आणि आता भास्कर खरोखरच येत होता. सप्टेंबरात तो निवृत्त होणार होता, पुण्याला कायमचा जाणार होता, आणि त्याआधी एकदा लखनौ बघून यावं म्हणून दोन दिवसांसाठी निघाला होता. त्यानं हेमाला कळवलं होतं, 'मध्याला सांग, माझ्या गाडीनं मला न्यायला ये.'

सकाळी मधुसूदननं वही पिशवीत घातली तेव्हा हेमा दारात उभी राहिली.

"ती वही कशाला?"

"त्याला दाखवायची आहे."

"अहो, माणिकचं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुम्हाला तीनदा सांगितलं, फोन करा. तुम्ही केला नाहीत. त्याचा आला तर घेतला नाहीत. तरी तो माणूस आपल्याकडे उतरतोय."

"त्यानं आधी गाडीबद्दल बोलायला हवं होतं."

"आज ही वही काढलीत तर तो परत येणार नाही. पुण्याला गेला की संपलं. मग रविवारी कुणाशी बोलणार आहात? भट्टीशी?"

खरं सांगायचं तर दोन वर्षं रविवार त्याला खायला उठत होता. त्याला भास्कर हवा होता, फक्त त्याआधी भास्करनं कबूल व्हायला हवं होतं. दोन्ही एकदम मिळेल असं त्याला वाटत होतं. पिशवी खांद्याला लावून तो निघाला.

छावणीतल्या शांत, झाडांच्या रस्त्यांवर गाडी शहाण्यासारखी चालली. काटा अर्ध्याखाली, खिडकीतून बऱ्यापैकी वारा. मधुसूदननं वाटेत भाषणाची उजळणी केली. सुरुवात संयमानं करायची, मग नोंदी दाखवायच्या, मग एक विराम घ्यायचा. कानपूर रोडला लागल्यावर मात्र मेट्रोच्या खांबांखाली ट्रकांच्या मागे अडकला आणि काटा वर सरकला. त्यानं हीटर उघडला. विमानतळावर पोचला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि विरामाची जागा तो विसरला होता.

भास्कर बाहेर आला. केस जास्त पांढरे झाले होते, पोट कमी झालं होतं, आणि उजव्या हातात ओडिशाची कसली मिठाई होती. त्यानं आधी गाडीच्या टपावर थाप मारली, मग मधुसूदनच्या पाठीवर. दोन्ही तितक्याच जोरात.

"कशी आहे रे?" त्यानं विचारलं. गाडीबद्दल विचारतोय की हेमाबद्दल, हे कळायला मार्ग नव्हता.

"बस," मधुसूदन म्हणाला.

भास्कर बसला आणि दोन मिनिटांत त्यानं हात हवेच्या जाळीपुढे धरला.

"मध्या, हीटर चालू आहे."

"हो."

"जून आहे."

"मला माहीत आहे."

"एसी लाव की."

"एसी लावला तर गाडी बंद पडते. हीटर लावला तर चालते."

भास्करनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिशातून रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि गप्प बसला. नऊ वर्षांचा सराव होता त्याला. थोड्या वेळानं म्हणाला, "घरी जायच्या आधी पाच मिनिटं सरोजिनीनगरला घे. इथली माझी पहिली शाखा बघू. चहावाला अजून आहे का बघायचंय."

सरोजिनीनगर उलट दिशेला, कानपूरच्या बाजूला. गाडीला तेवढा पल्ला झेपणार नाही हे मधुसूदनला माहीत होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर भाषण सुरू करावं लागणार, आणि भाषणाची सुरुवात तर डोक्यातून साफ गेली होती. त्यानं गाडी वळवली. भास्कर माणिकबद्दल काहीतरी सांगू लागला होता, भुवनेश्वरच्या दमट हवेनं तिचं दुखणं वाढलं असं काहीसं. मधुसूदनचं लक्ष काट्यावर होतं. तो "हं, हं" करत होता. भास्कर मध्येच थांबला हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

शाखा शंभर पावलांवर दिसत असताना काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली, इंजिननं दोन आचके दिले आणि गाडी एका कडुलिंबाखाली थांबली. दोघं बाहेर आले. वाफेचा लोट पाहून पलीकडचा खरबूजवाला उठून उभा राहिला.

हीच वेळ होती. मधुसूदननं पिशवीतून वही काढली.

"भास्कर, मला तुझ्याशी बोलायचंय. ही गाडी तू मला दिलीस तेव्हा तिचं हेड गॅस्केट गेलेलं होतं. तू ते सांगितलं नाहीस. आपल्यात असं कुणी करत नाही. माझ्याकडे चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत." त्यानं वही पुढे केली आणि विराम घेतला. विराम छान जमला.

भास्करनं वही घेतली. रकाने पाहिले, पानं उलटली, 'पुन्हा तापली' असं दहा-बारा वेळा वाचलं. मग वही मिटून तिची पाठ आणि पोट नीट न्याहाळलं, ती फिरवली आणि सुरुवातीकडून उघडली.

"ही माझी वही आहे," तो म्हणाला.

"हो. तुझे पेट्रोलचे हिशेब असतील पुढे."

"तू पुढचं पान बघितलंच नाहीस?"

भास्करनं वही त्याच्यापुढे धरली. पहिल्या पानावर भास्करचं बँकेतलं गोल अक्षर होतं.

'मधू, तोंडी सांगायला गेलो तर तू मलाच शिकवतोस, म्हणून लिहून ठेवतोय. इश्तियाक मियाँकडून गाडी पूर्ण तपासून घेतली आहे, सगळं ठीक आहे. रेडिएटर साफ केलाय, कूलंट नवं आहे. खोट एकच. हिचा रेडिएटर जुना आहे, साधं पाणी सोसत नाही, मग ते कितीही शुद्ध असो. आत गंज धरतो. हिरवं कूलंटच घाल. काटा अर्ध्याच्या वर गेला की तिथल्या तिथे थांब, "बघू या" म्हणू नकोस. काही झालं तरी इश्तियाक मियाँ. आणि हे पान वाचलंस की मला फोन कर, म्हणजे वाचलंस हे मला कळेल.'

मधुसूदननं ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आधी उपलब्ध माहिती वाचतो आणि मग प्रयोग मांडतो. हे तो दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे. त्याची माहिती त्याच्याच वहीत, त्याच्या पहिल्या नोंदीपासून दोनशे पानं पलीकडे पडून होती, आणि त्यानं चौदा महिने एक-एक पान तिच्या दिशेनं सरकत काढले होते.

"त्या दिवशी मी तोंडीही सांगायला लागलो होतो," भास्कर म्हणाला. "तू पाण्यावर सुरू झालास."

"आठवतंय."

"म्हणून दोन वर्षं फोन घेत नव्हतास?"

मधुसूदननं मान डोलावली. भास्कर रुमालानं मानेवरचा घाम पुसत राहिला.

"मला आधी वाटलं, यानं अजून पान उघडलं नाही," तो म्हणाला. "हसायचो मी. माणिकला म्हणायचो, गाडी बंद पडल्याशिवाय हा वाचायचा नाही. मग वर्ष गेलं. माणिकला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावरून मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. तुझ्या मागे कुठेतरी पाना पडल्याचा आवाज आला."

मधुसूदन त्या वेळी गाडीखाली आडवा होता. पंपाचा तिसरा बोल्ट निघत नव्हता. फोन त्यानं कोपरानं ढकलून बंद केला होता, आणि भास्करच्या आवाजात काहीतरी वेगळं आहे हे तेव्हाही त्याला कळलं होतं. कळूनही तो बोल्टकडे वळला होता.

"मग मला वाटलं, यानं वाचलंय आणि तरी फोन करत नाही," भास्कर म्हणाला. "म्हणून मीही सोडून दिलं. आता कायमचं जायचंय म्हटल्यावर राहवलं नाही, म्हणून आलो."

तेवढ्यात इश्तियाक मियाँ स्वतःच रस्ता ओलांडून आले. त्यांचं गॅरेज चार दुकानं पलीकडे होतं आणि वाफ त्यांनी तिथूनच ओळखली होती. "नेरूरकर साहब! आप कब तशरीफ़ लाए?" म्हणून त्यांनी भास्करचे दोन्ही हात धरले. मग गाडीकडे पाहून नुसतं "अच्छा" म्हणाले. पोरांना हाक मारून गाडी ढकलत गॅरेजात नेली, थंड होऊ दिली, खाली एक परात ठेवली आणि रेडिएटरची खालची नळी सोडली. परातीत आलेलं पाणी विटेच्या रंगाचं होतं.

"ये सादे पानी का काम है," इश्तियाक मियाँ म्हणाले. "अंदर ज़ंग, रेडिएटर जाम. फिर गरम चली, हेड टेढ़ा हुआ, गैस्केट जला." मग मधुसूदनकडे न बघता, फार सभ्यपणे म्हणाले, "किसी ने पानी भर दिया होगा."

मधुसूदनला बोलायला खूप काही सुचत होतं. ऊर्ध्वपातित पाणी आणि नळाचं पाणी यांतला फरक होता, लोखंडाच्या गंजाचं रसायन होतं, पाण्याच्या उष्माधारकतेबद्दल आपण म्हणालो ते तत्त्वतः बरोबर होतं हेही होतं. परातीतल्या लाल पाण्यात त्याचा चेहरा दिसत होता आणि तो फारसा विद्वान दिसत नव्हता.

"मैंने भरा," तो म्हणाला. "मैंने ही भरा, मियाँ. और ग़लती भी मेरी है." मग भास्करकडे वळून मराठीत म्हणाला, "चूक माझी आहे, भास्कर. गाडीचीही. फोनचीही."

भास्कर परातीकडे बघत राहिला.

"मीटर चुकत असेल, असं म्हणाला होतास का?" त्यानं विचारलं.

"हो."

"बघू या, म्हणालास?"

"चार किलोमीटर."

भास्करच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसू होतं की आणखी काही, हे मधुसूदनला ओळखता आलं नाही, आणि पुन्हा चूक नको म्हणून त्यानं अंदाज केला नाही.

हेड उतरवायला, ते घासून सपाट करायला आणि नवं गॅस्केट बसवायला तीन दिवस लागणार होते. गाडी तिथेच ठेवून दोघं ई-रिक्षानं विमानतळाच्या स्टेशनवर आले आणि मेट्रोत बसले. डबा थंडगार होता. भास्करनं डोक्यावरचा रुमाल काढून घडी घातली, मिठाईचा डबा मांडीवर घेतला आणि समोरच्या काचेतून बाहेर बघू लागला. आज रात्री तो जेवेल, उद्या सगळ्यांना भेटेल, परवा जाईल आणि नंतर दिवाळीला एखादा निरोप येईल, असं मधुसूदनला त्या बाहेर बघण्यातून स्पष्ट दिसलं.

मेट्रो आलमबागला आली तेव्हा मधुसूदननं खाकरून घसा साफ केला. भास्करनं सवयीनं मान तिरकी करून ऐकण्याचा पवित्रा घेतला.

"माणिकचं सांग," मधुसूदन म्हणाला. "बाकावरून फोन केलास तिथपासून. नाही, त्याच्या आधीपासून. दुखायला कधी लागलं?"

भास्करनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मोठी गोष्ट आहे."

"शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचंय आपल्याला."

भास्कर सांगू लागला. आधी तुटक, मग सलग. पहिला डॉक्टर काय म्हणाला, दुसरा काय म्हणाला, माणिकला पायात मुंग्या यायच्या त्या तिनं दोन महिने कशा लपवल्या. मुंग्यांचं कारण मधुसूदनला माहीत होतं. चारबाग आलं तेव्हा ते ओठांपर्यंत आलं होतं. त्यानं पिशवीतली वही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तोंड मिटून ठेवलं.

हजरतगंजला गर्दी चढली. भास्कर बोलता बोलता थांबला, डोळे पुसले आणि जुन्या सवयीनं, उत्तराची फारशी आशा न ठेवता विचारलं, "ऐकतोयस ना रे, मध्या?"

"ऐकतोय," मधुसूदन म्हणाला. "तुला आत सोडत नव्हते, तिथपर्यंत आला होतास. पुढे सांग."